संचारातला मार

२ डिसेंबर १९८३, सकाळ
पीएचडीचं नववं वर्ष. या वर्षी संपवायचीच. विषय: अंगात येणाऱ्या बायकांचं मानसशास्त्र. माझा सिद्धान्त पक्का आहे. अंगात येणं हे नाटक असतं आणि त्या भरात दिलेला मार हा खरा मार नसतो. आता फक्त पुरावा गोळा करायचा.
संकल्प: रोज चार पानं लिहायची. रागवायचं नाही. धर्म आणि क्रोध यावर लिहिणाऱ्याचं डोकं थंड हवं.

त्याच दिवशी, दुपार
शिपाई बन्सीला डस्टर फेकून मारलं. त्यानं माझ्या कोऱ्या प्रश्नावल्या रद्दीत दिल्या होत्या. डस्टरची लाकडी बाजू भुवईवर लागली. याला राग म्हणत नाहीत, रिफ्लेक्स म्हणतात. बन्सी म्हणाला की रक्त येतंय. मी म्हटलं, थांबेल.
पानं: शून्य.

४ डिसेंबर, अमावास्या
शौकतला घेऊन एसटीनं पैठण रोडवरच्या एका गावी गेलो. शौकत डिपार्टमेंटमध्ये माझा ज्युनियर. हुशार आहे, पण प्रश्नावली बाजूला ठेवून बायकांशी बोलत बसतो.
देवीच्या ओट्यावर मनकर्णाबाई घुमत होती. पंचेचाळिशीची, किडकिडीत, केस मोकळे, हातात वेताची छडी. समोर तिचा नवरा कडूबा उघड्या पाठीनं हात जोडून बसलेला. तिनं त्याला आठ-दहा फटके ओढले. पाठीवर वळ उठले, दोन फुटले. दर फटक्याला तो चुकलं आई, चुकलं आई म्हणत होता. मी पुढं होऊन प्रश्न क्रमांक एक विचारला, की संचार कितव्या वर्षी सुरू झाला. छडी माझ्याकडं वळली. ओठ फाटला, एक दात हलतोय.
निष्कर्ष: मार नाटकी होता. दात आधीपासूनच कच्चा असावा.

५ डिसेंबर
ओठ सुजल्यामुळं तास घेतले नाहीत. शौकतनं गावात ऐकलेलं सांगितलं. कडूबा दारू पिऊन बायकोला बडवतो. अमावास्येला देवी येते आणि त्याची पाठ सोलते. मग पंधरा-वीस दिवस तो हात उचलत नाही. बाईला तेवढाच निवारा आहे, सर, म्हणाला. मी त्याला समजावलं की ही घरगुती भानगड झाली, आपला विषय धर्माचं मानसशास्त्र आहे.

१२ डिसेंबर
गाइड आप्पासाहेबांनी प्रकरणं वाचली. म्हणाले की मतं भरपूर आहेत, पुरावा कुठंय? मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. मी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर येऊन स्कूटरला लाथा घातल्या. इंडिकेटर फुटला, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. स्कूटर माझीच, तेव्हा दुसऱ्या कुणाला इजा नाही.
नंतर कळलं की स्कूटर आप्पासाहेबांची होती.

३ जानेवारी १९८४, अमावास्या
सुईचा प्रयोग. कल्पना पूर्णपणे माझी. भान खरोखर हरपलं असेल तर वेदना कळणार नाही. शौकत नको म्हणाला. मनकर्णाबाई घुमत असताना मी मागून तिच्या दंडात गोधडीची सुई खुपसली. चांगली खोल. ती किंचाळली, दंडावरून रक्त ओघळलं. मी ओट्यावर चढून सगळ्या गावाला सांगितलं की बघा, दुखलं. ही देवी नाही, मनकर्णाबाई आहे.
कडूबा उठला. सावकाश सदरा घातला. बायकोच्या हातातली छडी काढून घेतली; तिनंही सोडली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, लई उपकार झाले."
खेड्यात विज्ञानाचं इतकं मोकळं स्वागत क्वचित होतं. परतीच्या गाडीत शौकत माझ्या शेजारी बसला नाही. जागा होती तरी.

९ जानेवारी
पाच दिवस पान नाही. थंडीमुळं.
शौकतनं आज तोंड उघडलं. आमची गाडी सुटल्यावर कडूबानं मुसळ घेऊन मनकर्णाबाईचा उजवा हात मोडला. दोन ठिकाणी. मधे पडायला कुणी गेलं नाही, कारण देवी नाही हे आता सगळ्यांना कळलं होतं. ती इथं शहरात बहिणीकडं, भागूबाईकडं, आलीय. शौकतनंच दवाखान्यात नेलं. हे आपल्यामुळं झालं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला दाखवून दिलं की प्रयोग आणि मुसळ यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. तो उठून गेला.
घरी सौ.ला सांगितलं. तिनं फक्त विचारलं की सुई कुणाच्या डब्यातली नेली होती. मग आत जाऊन भाकरी थापायला लागली. किती जोरात थापते!

१७ जानेवारी
मनकर्णाबाई डिपार्टमेंटला आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. वाटलं, मुलाखत द्यायला आली. खुर्ची पुढं केली. बसली नाही. टेबलावरचा लाकडी रूळ डाव्या हातानं उचलला आणि मला मारायला लागली. खांद्यावर, कानावर, मग नाकावर. ओरडत नव्हती, घुमत नव्हती. केस नीट बांधलेले होते. मी टेबलाखाली गेलो तर वाकून मारलं. बन्सी दारात उभा होता. आत आला नाही.
तिचं झाल्यावर तिनं रूळ जागेवर ठेवला. पदर सारखा केला.
"आज अंगात कुणी नाय, साहेब. मीच हाय."
आणि गेली.

१८ जानेवारी
नाकाचं हाड मोडलंय. डॉक्टर रईसाबाईंनी विचारलं की कसं लागलं. जिन्यावरून पडलो, म्हणालो. त्या लिहिता लिहिता म्हणाल्या की दोन आठवड्यांपूर्वी हात मोडून एक बाई आली होती, तीही पडले, पडले म्हणत होती. मग पेन खाली ठेवून विचारलं, "खरं सांगा, कुणी मारलं?"
मला एकदम रडू आलं. बराच वेळ थांबेना.
नाक दुखत असल्यामुळं असावं.