बडीशेपेच्या बरणीतल्या गोळ्या

१२ एप्रिल २००४, सोमवार
एकोणचाळीस डिग्री. कंपनीच्या बसमध्ये सगळे घामाघूम, आणि मी स्वेटर घालून! ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "साहेब, काश्मीरला उतरणार का?"
कोथरूडलाच उतरलो. दोन जिने चढायला मध्ये एकदा बसावं लागलं. सत्ताविसाव्या वर्षी.

१४ एप्रिल
आज जयंती. दरवर्षी मिरवणुकीत पुढे असतो. या वर्षी स्टेजमागच्या खुर्चीत झोपलो, आणि तेही ढोल चालू असताना. मैत्रीने फोटो काढला आणि सगळ्या चुलतभावंडांना दाखवला. अशी बहीण वैऱ्याला मिळू नये.

१९ एप्रिल
कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. थकवा, थंडी, सात किलो वाढलेलं वजन, केस गळतात, विसरतो. सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच लिहायला घेतलं. "आयटीत ना? टेन्शन. लग्न करा, बरं वाटेल."
लग्नानेच बरं वाटत असतं तर बाबा एवढे कण्हले नसते. लाल कॅप्सूल मिळाल्या. बी-कॉम्प्लेक्स.
लग्नाचं म्हणाल तर मागच्या हिवाळ्यातच एक स्थळ परत गेलं होतं. निरोप आला, "मुलगा सुस्त वाटतो." आईने ते अजून गिळलेलं नाही.

३ मे
फैझल माझ्या शेजारी बसतो. आज जेवताना घास हातात धरून एकटक बघत राहिला. "प्रज्ञेश, तुझा गळा सुजलाय. मी तुझा चेहरा दोन वर्षं बघतोय, नाइलाजाने." त्याची मावशी, डॉ. जिनत, थायरॉईडच्या आजारांच्या तज्ज्ञ आहेत. त्याने माझ्यादेखत फोन लावून शनिवारची वेळ घेतली. मला विचारलं नाही. बरं झालं.

८ मे, शनिवार
दवाखान्यात अकरा बायका आणि मी. मदतनीस बाईंनी विचारलं, "पेशंट कुठे आहेत? मिसेस नाही आल्या?" मी हात वर केला. अकराच्या अकरा बायकांनी मान वळवली.
डॉ. जिनत पन्नाशीच्या. बोलणं कमी, बघणं जास्त. गळ्यावर बोटं ठेवली, पाणी गिळायला लावलं. त्यांनी सांगितल्यावरून गुरुवारी रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा रिपोर्ट वाचला. टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा आकडा, बासष्ट. पाचच्या आत हवं.
"हाशिमोटो. तुमचं शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर हल्ला करतंय."
"का?"
"ते त्याला विचारा. मला इतकंच माहिती आहे की गोळी जन्मभर घ्यायची. रोज सकाळी, उपाशीपोटी. त्यानंतर एक तास चहा नाही."
जन्मभर ऐकून काही वाटलं नाही. चहाचं ऐकून दोनदा विचारलं, "एक तास?"
बाहेर आल्यावर मात्र रिक्षात बसून रडलो. आजाराला नाव मिळालं म्हणून. वर्षभर वाटत होतं की मी आळशी झालोय.

१० मे
आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "हा बायकांचा आजार ना?" दुसरा प्रश्न, "कोणाला बोललास का?"

१५ मे
सहाला दीड गोळी. सातला चहा. मधला तास मी कोणाशी बोलत नाही आणि कोणी माझ्याशी बोलत नाही.

२६ जून
टीएसएच चौदा! जिने एका दमात. बसमध्ये जागा राहिलो आणि पहिल्यांदा कळलं की रस्त्यात किती खड्डे आहेत. आता रोज दोन गोळ्या. डॉ. जिनत म्हणाल्या, "नीट घेताय असं दिसतंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच.

४ जुलै, रविवार
मांजरी गावात मुलगी बघायला गेलो. अक्षता. साखरेच्या संशोधन संस्थेत प्रयोगशाळेत काम करते. वडील सर्जेराव तिथेच शेतीविभागात. दारातच "जयभीम" म्हणून हात जोडले आणि मला उसाच्या जातींबद्दल वीस मिनिटं सांगितलं. मला ते आवडले.
ती पण. मी विचारलं, "कामात कंटाळा येत नाही?" ती म्हणाली, "येतो. तुम्हाला?" मी म्हटलं, "येतो." दोघांनाही बरं वाटलं.
निघताना तिच्या आईने माझ्या आईला बाजूला घेतलं. "मुलाला काय दुखणं-बिखणं न्हाय ना?"
आई ताठ उभी राहिली. "साधी सर्दीसुद्धा नाही."
मी चपला शोधत होतो. शोधतच राहिलो.

११ जुलै
आज ती मंडळी आमचं घर बघायला आली. ती यायच्या आधी आईने गोळ्यांच्या बाटलीचं काय करायचं यावर तासभर विचार केला. बाटलीवर नाव, आजार, सगळं छापलेलं. शेवटी गोळ्या बडीशेपेच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओतल्या आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत, गॅसशेजारी. बाटली कचऱ्यात.
"कोणी विचारलं तर होमिओपॅथी म्हणायचं," आई म्हणाली. "ती कोणालाही चालते."
मैत्री हसून हसून खाली बसली. मी पण हसलो. खरं तर तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण एवढी सोय आयती झाली होती!
स्थळ पसंत. दोन्हीकडून. साखरपुडा दहा ऑक्टोबरला.

१ ऑगस्ट
नवी बाटली आणली. आईने वरच्यावर झेलली, बरणीत ओतली, बाटली कचऱ्यात. मांजरीची माणसं कधीही टपकतील म्हणे. हे माणसांबद्दल बोलणं झालं का पावसाबद्दल?

१३ ऑगस्ट
पुन्हा झोप. पुन्हा पाय जड. ऑफिसात सॉफ्टवेअरमधली एकच चूक दोनदा नोंदवली आणि तिसऱ्यांदा नोंदवताना फैझलने हात धरला.

२१ ऑगस्ट
टीएसएच तेहतीस. दोन गोळ्या घेऊन!
डॉ. जिनतनी चष्मा काढला. "गोळी घेता?" घेतो. "चहाबरोबर?" नाही. "विसरता?" आई विसरू देत नाही.
"रक्त खोटं बोलत नाही हो."
मीही नाही, असं म्हणणार होतो. मग मांजरीच्या चपला आठवल्या. आता अडीच गोळ्या. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. औषधही लागू पडत नसेल तर मी करायचं काय? याच अवस्थेत लग्न करून त्या मुलीच्या गळ्यात पडायचं?

५ सप्टेंबर, रविवार
अक्षताला स्वारगेटजवळ भेटलो. ती बसने आली, मी रिक्षाने, कारण गाडी चालवताना डुलकी लागते. तिने स्वेटर बघितला. "ताप आहे?"
सांगितलं. सगळं. बासष्ट, चौदा, तेहतीस, जन्मभर. एका श्वासात, पाढे म्हणावेत तसं. माझा डोसा गार झाला.
तिने ताटली बाजूला सारली. मी उठायची तयारी केली. मग तिने विचारलं, "गोळ्या कशात ठेवता?"
"बडीशेपेच्या बरणीत."
"काचेच्या? कुठे?"
"खिडकीत. गॅसशेजारी."
तिने हसत कपाळाला हात लावला. "अहो, उजेड, उष्णता, वर पावसाळ्याची दमट हवा. आमच्याकडे साध्या रसायनालाही तपकिरी बाटली असते! मूळ बाटली कुठाय?" मग बरणीमागचं कारणही सांगावं लागलं. तेव्हा ती हसायची थांबली.
"मला आजाराचं काही नाही," ती म्हणाली. "पण माझ्या आईने तुमच्या आईंना तोंडावर विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांनीच बदलायचं. तुम्ही नाही, मी नाही. नाहीतर ही गोष्ट कधीतरी कळेल आणि माझी आई त्यांना जन्मभर खोटारडी समजेल. साखरपुड्याच्या आधी. नाहीतर साखरपुडा नको."
बस आली. ती चढली. खिडकीतून म्हणाली, "गोळ्या बदला आधी."

६ सप्टेंबर
डॉ. जिनतना फोन. बरणीचं सांगितलं.
"बडीशेपेच्या?"
"हो."
"कशी ठेवायची ते बाटलीवर लिहिलेलं असतं. तुम्ही लिहिलेलंच फेकून दिलंत." मग म्हणाल्या, "मी उगाच डोस वाढवला. पुन्हा दोनवर या. बाटली कपाटात."

७ सप्टेंबर
आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या, बरणीची आणि अक्षताच्या अटीची.
पहिली ऐकून ती बरणी मांडीवर घेऊन बसली. "म्हणजे मी तुला दोन महिने बडीशेपच चारली." तिच्या डोळ्यांत पाणी. थट्टा करणार होतो, त्याऐवजी बरणी तिच्या हातातून घेतली.
दुसरी ऐकून ती उठली. "मी नाही जाणार. मागचं स्थळ काय म्हणालं विसरलास? सुस्त! माझ्या पोराला! आता जाऊन सांगू, जन्मभराची गोळी आहे, द्या मुलगी?"
"मग साखरपुडा नाही."
"नको तर नको."
बाबांनी पेपर खाली केला, आमच्याकडे बघितलं, पुन्हा वर केला. त्यांच्याकडून एवढीच मदत अपेक्षित होती.

१२ सप्टेंबर
आईचा अबोला. पण सकाळी सहाला दोन गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन उभी राहते. गिळेपर्यंत हलत नाही. मग शब्द न बोलता जाते.

१९ सप्टेंबर
मैत्री म्हणते, हॉलवाल्याला नाही सांगून टाक. मी फोन उचलला आणि ठेवला. अक्षताचाही फोन नाही. तिने जे म्हटलं ते म्हटलं. राग येत नाही तिचा, हाच वैताग आहे.

२२ सप्टेंबर, बुधवार
ऑफिसात अकरा वाजता अक्षताचा फोन. "तुमच्या आई आमच्याकडे आल्यात. एकट्या, बसने. तुमची दवाखान्याची फाइल माझ्या आईपुढे ठेवली आणि म्हणाल्या, हे मी तुमच्यापासून लपवलं. मला इंग्रजी येत नाही, तुमच्या मुलीला मोठ्याने वाचायला सांगा, एक ओळ गाळू नका. तर मी वाचतेय. पण डॉक्टरांचं अक्षर लागत नाहीये. गोळी किती दिवस घ्यायची, तिथे काय लिहिलंय?"
"जन्मभर," मी म्हटलं.
तिने ते तिकडे मोठ्याने वाचलं. मग तिच्या आईचा आवाज ऐकू आला, "बसा चंद्रभागाताई, उभ्या का? च्या टाकते. अक्षता, फुडचं वाच."