मोतद्दाराची बोली

रविवार, दिवेलागणीला

आज आई फुलंब्रीहून आली आणि मी हौसेनं तिला आमचा गेम दाखवला. त्यातले मराठी संवाद मी लिहिलेत. गोष्ट साधी आहे. राजाचा वारस तान्हा असतानाच पळवला गेला, आणि घोड्यांच्या पागेत मोतद्दारानं त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता त्याला गादी मिळवून द्यायची.

मोतद्दार पडद्यावर आला. म्हणाला, "लई भूक लागली बघा!" या वाक्याला ऑफिसात सगळे हसतात. आईसुद्धा हसली. "ह्यो तर माझ्यावानीच बोलतोय की!" मग राजकुमार बोलला. शुद्ध, पुस्तकी.

आई म्हणाली, "ह्याला मोतद्दारानंच वाढवलं ना? मंग ह्यो असा कसा बोलतो?"

राजाचं रक्त वगैरे काहीतरी पुटपुटलो. खरं तर मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. हसवायचं तर आईची बोली, मान द्यायचा तर परक्याची. आणि "लई भूक लागली" हे तर तिचंच वाक्य, शेतातून आल्यावरचं. मी न विचारता उचललं. का? हसू येतं म्हणून?

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी शुद्ध, पुस्तकी बोलत होतो तोवर आई नेहमीसारखी गप्प बसली, आपला आवाज पलीकडं जाऊ नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं? मीच की.

फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, "झालं का माझ्या राजकुमाराचं बोलून?"

कौतुकानं म्हणाली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.