कोंबड्या, रश्श्यासाठी

मी, कासिल्दा ओर्दास रोब्लेस, अविवाहित, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार वाल्देसोतो, प्रांत लेओन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारे बहुतेक जण वारले, आणि जो उरला आहे तो काठी टेकत चालतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टर बेनिग्नो यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "बाई, बुद्धीचं मी लिहून देतो. जिभेसाठी वेगळा कागद लागेल." यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या वडिलांनी केले होते. त्याचाच हा हिशोब आहे.

कलम एक. माझे राहते घर, मागचे अंगण आणि खुराडे नीएवेसला द्यावे. नीएवेस ही माझा भाऊ लाउरेआनो याची नात. ती दुधाची गाडी चालवते आणि दर शनिवारी माझ्याकडे माश्या बांधायला शिकायला येते. माश्या म्हणजे गळाला पीस आणि रेशीम गुंडाळून केलेल्या, नदीतला ट्राउट मासा फसावा म्हणून. चाळीस वर्षे मी त्या लेओन शहरातल्या दुकानांसाठी बांधल्या. बोटे वाकडी झाली तेव्हा थांबले.

कलम दोन. कात्री, मेणाचा गोळा आणि रेशमाची रिळे नीएवेसलाच. कात्री कॉन्व्हेंटमधली आहे. सिस्टर प्रेसेन्तासिओन यांनी वेदीच्या कापडावर भरतकाम शिकवताना माझ्या बोटांवर जी पट्टी मारली, त्या पट्टीमुळेच माझी गाठ कधी सुटली नाही. कॉन्व्हेंटला मी काही ठेवत नाही. त्यांनी मला वळणदार अक्षर दिले आणि अपराधी वाटण्याची सवय दिली. अक्षर या कागदावर संपवते आहे. सवय आधीच संपली.

लोखंडी पकड माझ्याकडे नाही, कोणी शोधू नये. गळ मी डाव्या अंगठ्यात आणि बोटात धरत असे. अंगठ्याला त्याची खाच पडली आहे. ती कोणाला देता येत नाही. नीएवेस, तुझी तूच पाड.

कलम तीन, म्हणजे कोंबड्या. इथे मला मागे जावे लागेल.

आमच्या खोऱ्यातल्या कोंबड्यांचे पीस जगात दुसरीकडे मिळत नाही असे म्हणतात. पोलादासारखे करडे, काचेसारखे ताठ, पाण्यात बुडाले तरी आतून उजळणारे. पीस फक्त नराचे कामाचे. मादीच्या पिसाला कोणी विचारत नाही. म्हणून १९६६ साली बाबा वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात एवढेच निघाले: "कोंबडे लाउरेआनोला. कोंबड्या कासिल्दाला, रश्श्यासाठी." त्याआधी बारा वर्षे दर उतरत्या चंद्राला त्या नरांना मांडीवर धरून पिसे मी उपटत होते. लाउरेआनोला कोंबडा चोच मारी, म्हणून तो दारात उभा राहून शिट्टी वाजवी.

तो पिंजरे घेऊन आला तो दिवस मला तासातासाने आठवतो. सोबत शेजारची होनोरिना होती. तिचे तेव्हा त्याच्याशी जुळत होते. टोपली तिच्या हातात, मोजणारा तो.

"चौदा," तो म्हणाला.

"पुन्हा मोज," मी म्हणाले. "मागून कटकट नको."

"चौदाच गं," होनोरिना म्हणाली. "मी पण मोजले."

"कोंबड्यांचं काय करणार?" त्याने जाता जाता विचारले. "बाबांनी सांगितलंय ते करशील ना? मीठ बेताचं टाक."

दोघे हसत गेले. चौदा कोंबडे गेले, एकही मागे राहिला नाही.

कोंबडा गेला तरी कोंबडी पुढे दहा-बारा दिवस त्याचीच अंडी घालते. हे खोऱ्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि एकाही पुरुषाने कधी विचारलेले नाही. मी एकही अंडे खाल्ले नाही. सव्वीस अंडी दोन खुडूक कोंबड्यांखाली ठेवली. एकोणीस पिल्ले निघाली, त्यांत आठ नर.

लाउरेआनोने आपल्या चौदा नरांना बाजारातल्या कोंबड्या आणून दिल्या. त्या अंडी जास्त घालत. त्याला वाटे, जे काही आहे ते कोंबड्यात आहे. चौथ्या वर्षी त्याच्याकडचे तरुण नर राखेसारखे मळकट निघाले. त्याने पाण्याला दोष दिला, मग चंद्राला. मग जत्रेत माझ्या टेबलावरची पिसे पाहिली आणि दोष द्यायला माणूस सापडले.

"चोरटी!" तो भर जत्रेत ओरडला. "बाबांचा कोंबडा दडवून ठेवलास!"

"कोंबडा नाही दडवला. अंडी उबवली. कोंबड्या माझ्या, अंडी माझी."

"कोंबडी म्हणजे नुसती पिशवी," तो म्हणाला. "गुण कोंबड्याचा असतो. विचार कोणालाही."

कोणालाही विचारले असते तर तेच उत्तर आले असते. सगळे हसले. होनोरिना दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याकडे पाहिले. ती चपलेकडे पाहत राहिली.

त्या दिवसापासून गावात माझे नाव पिसचोर. ज्या मुली तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या त्या पावाच्या दुकानात कुजबुजतात, "पिसचोर आली, सरक." चाळीस वर्षे मी त्याच दुकानात, त्याच रांगेत, ताठ मानेने पाव घेतला.

सर्व कोंबड्या नीएवेसला. कारण सांगते. पहिल्याच शनिवारी ती खुराड्यात वाकली आणि म्हणाली, "आत्याआजी, या कोंबड्याची आई कोणती?" या घरात हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. नीएवेस, पीस कापू नकोस, उपट. नर खोऱ्याबाहेर विकू नकोस. बाहेर गेल्यावर चमक जाते म्हणतात. खरे की खोटे मला माहीत नाही, पण पडताळून पाहू नकोस.

कलम चार. भाऊ लाउरेआनो हयात असल्यास त्याला माझा सर्वांत उत्तम नर, ज्याला मी बिशप म्हणते, तो द्यावा. अट एकच. रविवारच्या प्रार्थनेनंतर त्याने चर्चच्या पायरीवर, टोपी काढून, मागच्या रांगेतल्या बहिऱ्यांनाही ऐकू जाईल असे म्हणावे: "कोंबडे चौदा होते. चौदाही मी नेले." क्षमा मागू नये. त्याची क्षमा मी कुठे ठेवू? मला फक्त आकडा हवा आहे.

माझ्या दफनापासून तीस दिवसांत त्याने हे केले नाही, तर नीएवेसने बिशपची मान मुरगळून चणे घालून रस्सा करावा आणि एक वाडगा आजोबांकडे पोचवावा. मीठ बेताचे. रडत बसू नये, कोंबडा म्हातारा आहे.

कलम पाच. होनोरिनाला मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे नोटरी सांगतात. मला ते सोयीचेच पडले. लाउरेआनोने शेवटी लग्न शहरातल्या मुलीशी केले. होनोरिना तशीच राहिली, माझ्या भिंतीपलीकडे. गेल्या सोमवारी मी तिला कॉफीला बोलावले.

"साक्षीदार म्हणून सही करशील?"

"कशाची साक्ष?"

"मी शहाणी आहे याची."

"म्हणजे खोटी साक्ष द्यायची," ती म्हणाली आणि साखर ढवळत बसली.

"आणि त्या दिवशी तू काय मोजलंस, त्याची."

तिचा चमचा थांबला. "इतक्या वर्षांनी उकरतेस, कासिल्दा?"

"तू पुरलंस म्हणून."

"तेव्हा तो मला विचारणार होता गं. लग्नाचं."

"विचारलं?"

"नाही."

"मग त्यानंतर का नाही बोललीस?"

"मग कोण विश्वास ठेवणार होतं? म्हणाले असते, नाकारली म्हणून उलटली."

कॉफी अर्धी टाकून ती गेली. म्हणून खाली तिची जागा रिकामी सोडत आहे. हे मृत्युपत्र उघडताना ती रिकामीच असेल, तर नोटरींनी ती रिकामी जागाही मोठ्याने वाचावी.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी, कलम चारमध्ये. तिथे आधी "प्रिय भाऊ" असे लिहिले गेले होते.

सही: कासिल्दा ओर्दास रोब्लेस
वाल्देसोतो, २६ मार्च २००९

साक्षीदार पहिले: बेनिग्नो तास्कोन, डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरे: होनोरिना गेतिनो. टोपली माझ्या हातात होती. कोंबडे दोनदा मोजले. दोन्ही वेळा चौदा. चौदाही त्यानेच नेले.