गंजीखालची जागा

माय, तुझा एक शब्द माझ्याकडून हरवला आहे. तो शोधायला मी अमडापूरला मावशीकडे जाऊन आलो. तिथे काय झालं ते तुला सांगतो.

मागच्या महिन्यात मोताळ्याचं घर रंगवायला काढलं. तुझं लोखंडी कपाट सरकवलं तर मागे भिंतीवर कपाटाएवढाच चौकोन निघाला, नीळ घातलेल्या जुन्या चुन्याचा, तू होतीस तेव्हा होता तसा स्वच्छ. रंगारी म्हणाला, "काकाजी, इथं दोन हात जास्त मारा लागन, नाही तं मांगून उमटते हे." याला आमच्या घरात एक शब्द आहे, असं मला त्याला सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. रंगारी ब्रश घेऊन थांबलेला. शेवटी मी म्हटलं, "मार." वर्तमानपत्राच्या कचेरीत माझं आयुष्य गेलं. शब्द अडला की तिथे जागा मोकळी सोडून पुढे लिहायचं, पान छपाईला सुटायच्या आत तो येतोच, ही तिथली सवय. हा मात्र आला नाही.

गेलेल्या वस्तूच्या मागे जे राहतं त्याचे शब्द तुझ्याकडे पुष्कळ होते. तुझ्या मनगटावर तव्याचा वण होता. तूप कढवून गाळलं की पातेल्याच्या बुडाशी बेरी राहते, तिच्यात साखर घालून तू मला देतेस आणि मी चुलीजवळच बोटांनी चाटून खातो. बैलगाडी केव्हाच निघून गेलेली असते, वाटेवर चाकोरी असते. ज्वारी कापून नेलेल्या वावरात मी धावत सुटलो की तू मागून ओरडतेस, "जोडा घाल पायात, धसकट घुसन!" पण हे सगळ्यांचेच शब्द, कोशात सापडणारे. मला हवा होता तो गंजीखालच्या जागेचा. घराच्या मागे कडब्याची गंजी रचलेली असे. उन्हाळाभर बैलांनी खाऊन ती उतरत जाई आणि पेरणीच्या सुमाराला शेवटची पेंढी उचलली की खालची जागा उघडी पडे. गोल, फिकट, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थंड, पिवळट पांढरे कोंब फुटलेली. तू माझं बोट धरून मला तिथे नेतेस, वाकतेस, आणि हसत तो शब्द म्हणतेस. पुढे तू तो कुठेही वापरायचीस. गाय विकली त्या दिवशी दावणीच्या मोकळ्या खुंट्याकडे पाहून म्हणालीस. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ओसरीवर ते ज्या कोपऱ्यात बसत तिथे तू एकदा पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि तोच शब्द म्हणालीस. मला सगळं कळलं. जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. त्यांना का कळलं नसेल, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी कोश पाहिले. ओळखीच्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकजण वैतागून म्हणाला, "गंजीची जागा म्हंजे गंजीची जागा, तिचं काय बारसं करता?" आठवडी बाजारात कपड्याचं दुकान मांडून बसलेल्या एका पोराचं घराणं जुनं शेतकऱ्याचं, म्हणून त्यालाही विचारलं. त्याने फक्त पहिला शब्द ऐकला आणि बनियनचा गठ्ठा पुढे ओढला. "गंजी का? कोणता नंबर देऊ काकाजी?" त्याला मी हसलो, पण त्याचं काय चुकलं? आता सोयाबीन आहे, गोठ्यात बैल नाहीत, कडब्याची गंजी त्याने बघितलीच नसेल. हा शब्द माहीत असू शकेल अशी एकच व्यक्ती उरली होती, तुझी धाकटी बहीण.

मावशी आता फार थकली आहे. बाजेवर बसून होती, तिची सून शेजारी सांबाराची हिरवी जुडी निवडत होती. "काऊन रे बाबू, आज कशी वाट चुकला?" मी कशासाठी आलो ते सांगितलं. मावशी म्हणाली, "जलमभर पेपरात शब्द विकले अन् आता मेलेल्या मायले मांगतं?" सून तोंडाला पदर लावून हसली. मग मावशी बाजेवर सावरून बसली. "हाव, होता," ती म्हणाली. "गंजी सरली का तुही माय म्हणे. पण थो शब्द तिचा नोयता. तुहा होता."

"माझा?"

"तू लय उशिरा बोलला. चालाले लागला, पयाले लागला, पण तोंडातून शब्द नाही. लोक म्हणत, पोरगं मुकं हाये. तुही माय रडे. मंग येक दिवस गंजी उचलली, तं तू त्या जागेवर जाऊन बसला अन् कायतरी बोलला. पयल्यांदाच. थे हातातलं काम टाकून माहेरी आमच्याकडे सांगाले आली ना! तवापासून तिनं थेच धरलं. आमी हासो तिले, पण तिनं नाही सोडलं."

"काय बोललो होतो मी?"

मावशीने वर आढ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. सुनेने हातातलं काम थांबवलं. मी पुढे सरकून बसलो. बऱ्याच वेळाने तिने मान हलवली. "नाही बाप्पा. माह्या सोताच्या पोरांचे बोबडे बोल याद नाही मले, तुहे काऊन राहतीन?"

चहा झाला, सुनेने बांधून दिलेला शेतातला वानवळा घेतला आणि निघालो. आजवर मी समजत होतो की तू मला भाषा शिकवलीस. तो एक शब्द मी तुला दिला होता आणि तू तो शेवटपर्यंत वापरलास, माझ्याशी वापरलास, म्हणून तो शब्द होता. आता विचारायला कोणी नाही, आणि हे लिहून कुठे पाठवायचं आहे असंही नाही. लिहिल्याने तो येईल अशी थोडी आशा होती, तीही इथपर्यंत येताना संपली.

एक सांगायचं राहिलं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून तोंडातल्या तोंडात आवाज काढून पाहत होतो, लहान मूल काढेल तसे, अर्थ नसलेले, एकामागून एक. शेजारच्या माणसाने विचारलं, "काई म्हणलं का काकाजी?" मी नाही म्हटलं आणि तो झोपल्यावर पुन्हा सुरू केलं. त्यातला एखादा बरोबर असेलही, माय. पण ऐकून 'हाव' म्हणणारी तूच होतीस.