फोटोतला पाचवा माणूस

बाबा, तुम्ही जिथे प्यून होतात त्या मंडळाच्या स्मरणिकेचं काम हिमायतनगरला आमच्या डीटीपीच्या दुकानात आलंय. शहरातल्या थोर मराठी माणसांवरचं पुस्तक आहे. तुम्ही गेल्यावर नववीतच माझी शाळा सुटली, पण शुद्धलेखन पक्कं, म्हणून मराठी कामं मालक मलाच देतात. बेचाळिसाव्या पानावर नामपल्लीच्या मागच्या गल्लीतली आपल्या लोकांची जुनी शाळा आहे. ती ज्या घरात भरायची त्या घरासमोरचा फोटो, खाली चार साहेबांची नावं हुद्द्यांसकट, आणि शेवटी ‘व सेवक’. ते तुम्ही. दोन्ही हातांत साहेबांच्या पिशव्या.

फोटो काढला त्या दुपारी घरी येऊन तुम्ही स्वयंपाकघरात बसता आणि आईला सांगत सुटता. मंडळासाठी जुन्या शाळांची माहिती गोळा करायला साहेब तीन रविवार गल्ल्या फिरले, ही शाळा सापडेना. ती तुम्हालाच ठाऊक, कारण तुमचे आजोबा दिवसभर स्टेशनवर हमाली करून संध्याकाळी तिथेच पोरांना अक्षरं शिकवायचे. दार तुम्हीच वाजवलंत. ‘‘अम्मा, यहां पहले इस्कूल था ना?’’ ‘‘हौ बेटा, इधरिच था. हमारे ससुर इस्कूल को जगा दिये थे.’’ म्हातारीनं पाणी आणलं. साहेबांपैकी एकालाही तहान नव्हती. तिला वाईट वाटू नये म्हणून पाचही ग्लास तुम्ही प्यायलात, आणि हे सांगताना हसत होतात.

आई तवा उतरवत म्हणते, ‘‘शाळा कुणी दाखवली, ते लिहितील का?’’ ‘‘लिहितील की. साहेब आपलेच आहेत.’’ मी मध्येच म्हणालो, ‘‘तुमच्या आजोबांचं नाव पण लिहायला सांगा.’’ ‘‘गप! माझी नोकरी घालवतोस काय?’’ साहेबांसमोर कधीच चढला नाही तो आवाज माझ्यावर चढला. मला त्याचाच राग येतो, बाबा, अजून येतो. पुस्तकात लिहिलंय की शाळा एका वकिलांनी चालवली. ते वर्षातून एकदा पेढे वाटायला यायचे, हे तुम्हीच सांगायचात, पण फक्त आम्हाला, दार लावून. शिकवणारे म्हणजे ‘काही स्थानिक मंडळी’. चार वाक्यं बोलायला काय झालं होतं तुम्हाला? पिशव्या तरी खाली ठेवायच्या फोटोपुरत्या!

आज मंडळाचे सेक्रेटरी शेवटच्या प्रूफवर सही करायला आले. मी विचारलं, ‘‘सर, हा पाचवा कोण?’’ ‘‘असेल आपला प्यून. सेवक लिहिलंय ना? मानाचा शब्द आहे. तू ऱ्हस्व-दीर्घ बघ, मजकुराला हात लावू नकोस.’’ ते गेले. मी ‘सेवक’ खोडून तुमचं पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट. ‘स्थानिक मंडळीं’च्या जागी तुमच्या आजोबांचं. तीनदा तपासलं आणि फाइल प्रेसला पाठवून दिली. आता परत घेता येत नाही.

हे पत्र त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय, सेव्ह न करता बंद करणार आहे. सेक्रेटरी दहा मिनिटं समोर बसले होते, चहाही प्यायले. मी तुमचा मुलगा आहे, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. पुस्तक छापून आलं की हे नाव कुठून आलं, असं विचारायला ते येतीलच. तेव्हाचं उत्तर मी आत्ताच ठरवून ठेवलंय, बाबा. ‘‘चुकून पडलं, सर.’’