झाकलेला मध्यम

प्रिय चिमे,

कागदाचा फोटो बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे, आईचा गुडघासुद्धा. फोनवर टाइप करायला गेलो की माझी बोटं भलतीकडेच पडतात, म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतोय. घाबरलोय तो मी. परवा शनिवारी शाळेत पालक मुलांचं गाणं ऐकायला येणार आहेत, आणि ज्या मुलीनं त्या गाण्याची सगळ्यात सुंदर ओळ केली, ती मंगळवारपासून माझ्या तासाला फिरकलेली नाही.

नीट सांगतो. निवृत्तीनंतर मी या शाळेत रोज एक तास गाणं शिकवतो, हे आईनं तुला सांगितलं असेलच. नव्या मुख्याध्यापिका, वयानं तुझ्याहून लहान, पहिल्याच दिवशी म्हणाल्या की मुलांना तुमच्यामागून नुसतं म्हणायला लावू नका, त्यांना स्वतः काहीतरी करू द्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, आता पोरखेळ. पण भूप घेतला. पाचच सुरांचा राग. पेटीवरचे बाकीचे सगळे सूर चिकटपट्टीनं झाकून टाकले, म्हणजे कुणी कुठेही बोट ठेवलं तरी भूपाचेच सूर वाजणार. भाता मी मारायचा, एकेकानं येऊन तीन-चार सूर वाजवायचे, बाकीच्यांनी ते गुणगुणून बघायचे आणि ठेवायचे की नाही ते हात वर करून ठरवायचं. शब्दही त्यांचेच. विषय काय, तर डब्याचं हरवलेलं झाकण.

चाळीस मिनिटांत कशीबशी अर्धी ओळ व्हायची आणि माझा जीव खालीवर. पण एके दिवशी दोन मुलं अगदी हातघाईवर आली, कशावरून, तर गंधारावर थांबायचं की पंचमावर जायचं. हा प्रश्न मला पडायला गुरुजींकडे सहा वर्षं घालवावी लागली होती. त्या दिवशी घरी येऊन आईला इतकं सांगत सुटलो की ती म्हणाली, आता पुरे, जेवा. तुला सांगायचं राहिलं, कारण गाण्याचा विषय आपण दोघं टाळतोच.

तर ही मुलगी. नऊ वर्षांची, पेन्सिली कुरतडते म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. सोमवारी तिनं स्वतःच्याच ओळीसाठी मध्यमावरची, म्हणजे ‘म’वरची चिकटपट्टी नखानं सोलून काढली आणि तो सूर दाबला. भूपात मध्यम नसतो. तिचं म्हणणं, या ओळीत झाकण सापडत नाही, तर इथे वाईट वाटायला पाहिजे. आणि दोन महिने ‘करून बघा, करून बघा’ म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणारा मी, तिचा हात धरून बाजूला केला आणि सगळ्यांसमोर खेकसलो की हा राग आहे, खेळ नाही. ती रडली नाही. गुपचूप जागेवर जाऊन बसली. उरलेल्या तासात एकाही मुलानं सूर सुचवला नाही. सर, तुम्हीच सांगा, म्हणाले, आणि सगळे वह्या उघडून बसले.

तेव्हापासून गाण्याच्या तासाला तिचं पोट दुखतं आणि ती वाचनालयात बसते. तिची ओळ बाकीचे म्हणतात, पण दबकत, माझ्या तोंडाकडे बघत. मुख्याध्यापिकांना सांगायची माझी छाती होत नाही. भूपात मध्यम चूकच, हे मी मरेपर्यंत म्हणेन. पण काल अंघोळ करताना ती ओळ तिच्यासारखी म्हणून बघितली, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून. त्या जागी मध्यम लागल्यावर मला खरंच वाईट वाटलं. आई म्हणते, सॉरी म्हणा आणि मोकळे व्हा. मोकळा मी होईन गं, पण पोरगी परत येईल का? आज मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय बोलायचं तेच सुचेना.

आणि हे माझ्या हातून पहिल्यांदा झालेलं नाही. तू अकरा वर्षांची होतीस. सभागृह भरलेलं होतं, तुझी तान घसरली आणि मागे तंबोऱ्यावर बसलेल्या मी हात वर करून तुला थांबवलं. पहिल्यापासून म्हणायला लावलं. तू म्हटलंस, अगदी बरोबर म्हटलंस, घरी येऊन नीट जेवलीसही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबोरा लावून बसलो होतो, तर तू पाठीला दप्तर लावून दारात आलीस आणि परीक्षा आहे म्हणालीस. मी बरं म्हटलं. त्या परीक्षेला सव्वीस वर्षं झाली, अजून ती संपलेली नाही. माफी मागायला हे लिहिलंय असं समजू नकोस, ती तुझ्यासमोर बसूनच मागायची आहे. आत्ता एवढंच विचारायचंय, की त्या सकाळी मी काय म्हटलं असतं म्हणजे तू दप्तर खाली ठेवलं असतंस? तुझ्याशिवाय हे मला कोण सांगणार? उद्या शाळा सुटायच्या आत कळव. फोन केलास तर मीच उचलेन, आईकडे देणार नाही.

तुझाच,
बाबा