मावळतीच्या खिडक्या

घाटंजी, ४ मे २००६

चि. अनघास बाबांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू नकाशा पाठवलास, शंकरसिंग मिस्त्रीने घर बांधलं, आणि तरी आम्ही नव्या घरात शिजतो आहोत. पंख्यावाचूनही चालेल, असं तू म्हणाली होतीस. लोडशेडिंगमुळे पंखा नसतोच. शाळेतून थर्मामीटर मागून आणलं. काल दुपारी चारला तुझ्या थंड खोलीत बेचाळीस आणि अंगणातल्या निंबाखाली चाळीस! मिस्त्रीला विचारलं, तर म्हणतो, साहेब, मले काहीच समजून नाही राह्यलं, भिंती तर ताईनं सांगितल्या तेवढ्याच जाड हायेत.

काळजी तुझ्या आईची. मागच्या उन्हाळ्यात ऊन लागून ती तीन दिवस दवाखान्यात होती. पुन्हा लागलं तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तिच्यासाठीच तर हे घर. पुण्याच्या आर्किटेक्टबाई, काहीतरी सांगा.

उत्तराची वाट पाहणारे,
बाबा

पुणे, ९ मे २००६

ती. बाबांस, अनघाचा सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. डोकंच चालेना. ऑफिसात सरांना दाखवलं, तेही गोंधळले. पश्चिमेची भिंत दीड फुटाची, बिनखिडकीची. मोठ्या खिडक्या सगळ्या उत्तरेला, दार दक्षिणेच्या पडवीत. दुपारचं ऊन आत शिरायला वाटच नाही, मग शिरतं कुठून? चार वाजता उभं राहून एवढं बघून कळवाल का? नोकरी नवी, सुट्टी मिळत नाही, नाहीतर स्वतःच आले असते. आईला दुपारी चुलीपाशी जाऊ देऊ नका.

तुमची लाडकी, सध्या नापास,
अनघा

घाटंजी, १४ मे २००६

चि. अनघास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी पोस्टमनकडून घेतलं, ह्यांना दाखवलं नाही. तुझ्या उत्तरेच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. दार पूर्वेला आहे. नकाशा मी फिरवला. अनघाचाच निरोप आहे, असं मिस्त्रीला सांगितलं. ह्यांना नकाशातलं कळत नाही, पण कळतं असं दाखवतात, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

रागावू नकोस. दक्षिण यमाची दिशा. एरवी मीही हसले असते. पण कापूस बुडाल्याची ही दोन वर्षं तू इथे नव्हतीस. ह्यांच्याबरोबर जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर बसणारे डोंगरसिंगभाऊ पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले, स्वतःच्या हातानं. जिनिंग बंद झाल्यापासून हेही बोलता बोलता गप्प होतात. मला भीती वाटते गं. दार फिरवून काय होणार, मलाही ठाऊक नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. मला ऊन लागलं तर लागू दे. पण ह्यांना सांगू नकोस. मी घाबरले आहे हे कळलं, तर आणखी गप्प होतील.

माया आटू देऊ नकोस.
तुझी आई

पुणे, १९ मे २००६

ती. बाबांस, अनघाचा सा. न. वि. वि.

चूक सापडली, आणि ती माझीच. नकाशावर उत्तर दाखवणारा बाण मी भलत्याच बाजूला काढला होता. पहिल्या वर्षाची पोरंही असं करत नाहीत. मिस्त्रीला बोल लावू नका.

आता एवढं करा. पश्चिमेच्या खिडक्यांपासून चार हातांवर पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, उंच कूड उभारा, मातीने लिंपा आणि वरून भिंतीपर्यंत छप्पर घ्या. ऊन कुडावरच अडेल. आईची खाट उत्तरेच्या खोलीत हलवा. दार मात्र आहे तिथेच छान आहे.

माफी असावी,
अनघा

घाटंजी, २७ मे २००६

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

कूड झाला. चार वाजता खोलीत सदतीस, निंबाखाली एक्केचाळीस! तुझी आई दुपारी चक्क घोरते.

आर्किटेक्टला उत्तर सापडत नाही, हे वाचून मी दोन दिवस हसलो. चौकात मात्र सांगून टाकलं, की नकाशा मीच उलटा धरला होता. तुझी नोकरी नवी आहे, नाव खराब व्हायला नको. एक गोष्ट मात्र समजली नाही. जिनिंग बंद झाल्यापासून तुम्ही इतके हसला नव्हता, असं तुझी आई म्हणाली आणि रडायला लागली. काहून रडतेस विचारलं, तर सांगत नाही. तुला काही माहीत असेल तर कळव.

लोभ आहेच,
बाबा